सैल धरा, मी पळून जात नाही

मी बॅट बोलतेय, पण क्रिकेटची नाही. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कळमनुरीत मला बघून लोक विचारतात, "हे मुसळ काहून आणलं?" मी बेसबॉलची बॅट. मेरठच्या कारखान्यात घडले, ट्रकमधून हादरे खात शाळेत आले आणि खेळाच्या भावसिंग सरांच्या हाती पडले. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सर माणूस चांगला, पण तोंड बंद ठेवील तर शपथ. पोरगी टोला मारायला उभी राहिली की यांचं सुरू, "खांदे सैल सोड! घाबरू नको!" कानाशी असं बोंबलल्यावर कोण सैल राहील? पोरी मला अशा आवळायच्या की जीव नकोसा व्हायचा. त्यात सगळ्या गल्लीत क्रिकेट खेळलेल्या. इथं टोला मारला की बॅट टाकून पळायचं असतं. या मला घेऊनच पळायच्या. सांगून सांगून सर थकले.

सगळ्यात घट्ट मूठ तांड्यावरच्या शितलची. २००३ साली हिंगोलीत जिल्ह्याचा सामना होता. विभागाच्या संघात निवड झाली तर तिला शाळेच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. नाहीतर दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं आणि शाळा बंद.

त्या दिवशी तिचा बाप बाबूसिंगही आला आणि सरांच्या वरताण ओरडू लागला, "शितल, घाबरून राहिलीस काहून?" दोन चेंडू हुकले, तिसरा हुकला की बाद. तिनं मला आणखीच आवळलं. या दोघांच्या तोंडात बोळे कोंबावेत असं मला झालं.

पुढची पाळी तिच्या मैत्रिणीची, आलियाची होती. पंचांना विचारून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुज्या डब्यातला ठेचा म्या खाल्ला. समदा."

"अन् मी काय खाऊ?"

"अम्मीनं तुज्यासाठी अंड्याचं कालवण दिलंय की."

शितलला हसू आलं आणि मूठ सैल झाली. चेंडू आला, ती सहज वळली, टोला खणखणीत बसला. मग मला मातीत टाकून ती पळत सुटली. टाकून दिल्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

तिची निवड झाली. दसऱ्यानंतर ऊसतोडीचा ट्रक शाळेच्या फाटकाशी थांबला. बाबूसिंग उतरला, काहीच बोलला नाही. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत चढला.

आता मला चीर गेलीय. खेळाच्या खोलीचं दार अडवायला ठेवतात. बाहेर सर अजून ओरडतात. बाबांनो, लेकरू खेळायला उभं राहिलं की फाटकाशी उभ्या त्या बापासारखं गप्प राहा. तेवढं जमलं तरी पुष्कळ.