निळ्या कोळिणीचे डोहाळे

सासूबाईंचा फोन आला तेव्हा ती प्राणिसंग्रहालयातल्या कीटकघराच्या गळक्या छतावरून दुरुस्तीवाल्यांशी हुज्जत घालत होती.

"सुटली गं बाई सुखरूप! एकच झालंय, पण चांगलं आईएवढं आहे!"

कोळिणीला पिल्लं होतात ती ढिगाने, तीही आधी अंड्यांच्या पिशवीत. आईएवढं एकच? दुरुस्तीवाल्यांना तसंच सोडून ती घरी धावली.

छत गळायला लागल्यापासून निळी कोळीण तिच्याच घरी मागच्या खोलीत होती, मातीने भरलेल्या काचेच्या पेटीत. तळहाताएवढी, पायांवर निळी झाक, आणि तापट इतकी की चिमट्यावरही धावून जायची. तिच्या जातीची बिळं असलेली टेकडी खाणवाल्यांनी पोखरून टाकली होती, म्हणून पिल्लं हवीच होती. परगावच्या प्राणिसंग्रहालयाच्या हातापाया पडून नर आणला. नवरा त्याला जावईबापू म्हणायचा. जावईबापूंनी बिळाच्या तोंडाशी पायांनी टकटक केली, बाईसाहेब चक्क बाहेर आल्या, काम फत्ते झालं. वयात आलेला नर तसाही फार जगत नाही; जावईबापू थोड्याच दिवसांत आटोपले.

त्या आनंदात तिने स्वयंपाकघरात जाहीर केलं होतं, "आई, आपली बाई पोटुशी आहे बरं का!" तोवर त्या खोलीकडे न फिरकणाऱ्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला भरवायचा चिमटा हातात घेतला. तिलाही बरंच वाटलं, एक काम कमी झालं.

आता बिळाच्या तोंडाशी आठ पायांचं पोकळ टरफल पडलं होतं. आत कोळीण, नवीकोरी, लख्ख निळी.

"आई, हे पिल्लू नाही. कात आहे ही! किती खायला घालत होतात?"

"रोज दोन-तीन झुरळं. कधी चार. झडप घालून घ्यायची गं."

"आठवड्याला एक सांगितलं होतं मी!"

"ते एरवीचं. पोटुशीला का कुणी उपाशी ठेवतं?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, खाऊन खाऊन तट्ट फुगली आणि वेळेआधी कात टाकून बसली! नराचं बी ती पोटातल्या पिशवीत नुसतं साठवून ठेवते. कात टाकली की त्या पिशवीचं अस्तरही जातं, बीही जातं. गेलं सगळं! आणि जावई वर गेले. ते लोक आता दुसरा नर देतात होय? डोहाळे कसले पुरवता कोळिणीचे!"

सासूबाईंनी चिमटा हळूच टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"म्हणजे ती पोटुशी नव्हतीच?"

"नव्हती! नुसता नर येऊन गेला होता."

"मग तू तसं का म्हणालीस गं?"

तिने चरफडत टेबलावरचा चिमटा उचलला आणि कात बाहेर काढायला घेतली. 'पोटुशी' हा शब्द तिचाच होता.