दीड वाजून सात मिनिटं

गुडघ्यांखाली उशी घेऊन सिस्टर बाल्कनीची फरशी पुसत होत्या. फडकं पिळून झाल्यावर त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळी सकाळ तपासून पाहिली. सहाला उठले. पाचही कुंड्यांना पाणी घातलं. कप धुऊन पालथा ठेवला. त्या वेळी फरशीवर एक थेंबही नव्हता. मग दुपारी दोन वाजता हे तळं कुठून आलं?

आज तिसरा दिवस होता.

बेचाळीस वर्षं रुग्णालयात काढल्यामुळे त्यांना लेक सोडून सगळं जग सिस्टर म्हणे. जावईसुद्धा. तो खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचा, आणि एकदा अंगठ्यात खिळा घुसवून त्यांच्याकडेच पट्टी बांधायला आला होता. पुढे पट्टी सुटली, माणूस काही सुटला नाही. गेल्या वर्षी सिस्टर आपलं अंगणाचं घर सोडून लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात या जावयाने उरलेल्या जाड कॅनव्हासच्या पाच कुंड्या शिवून दिल्या. दुहेरी तळ, दोन्ही बाजूंना धरायला कान, आणि शिवण अशी की हत्ती उभा केला तरी उसवू नये. तोंडाने मात्र एवढंच म्हणाला होता की कापड वायाच जात होतं.

मातीच्या कुंडीला खाली एकच भोक असतं. कापडी कुंडी म्हणजे चारी बाजूंनी चाळण. माती कोरडी झाली की कापडापासून सुटते, आणि मग घाईने तांब्याभर ओतलं तर पाणी कडेकडेने थेट फरशीवर उतरतं आणि मुळं तहानलेली ती तहानलेलीच. सिस्टरना हे शिकवायला कोणी लागलं नाही. बऱ्याच दिवसांनी पाणी पिणाऱ्या आजाऱ्याचंही तसंच असतं. रुग्णालयातून निरोपाच्या दिवशी आणलेला चोचीचा कप त्यांनी बाहेर काढला. झाडाच्या बुडाशी, मधोमध, एक घोट द्यायचा. थांबायचं. माती काळी झाली की दुसरा घोट. प्रत्येक कुंडीला तीन कप, आणि खालची ताटली कोरडी ठणठणीत. वर्षभर असंच चाललं होतं.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका राहत. उजेडासाठी त्यांचं टेबल बाल्कनीच्या कडेला असे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वर आले. रागावलेले नव्हते. रुमालात वरून ठिबकलेल्या पाण्याने भिजलेलं एक उघडं घड्याळ होतं, आणि त्यांना फक्त वेळ सांगायची होती.

"तिन्ही दिवस बरोबर दीड वाजून सात मिनिटांनी," ते म्हणाले. "त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

काका खाली उतरले आणि लेकीने दार लावलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिची वाक्यं आखलेली असत. आणखी एकदा पाणी गळलं तर कुंड्या शाळेच्या बागेत जातील, असं तिने सांगितलं. सिस्टरनी मान हलवली. मग लेक जवळ येऊन बसली आणि तिने आवाज खाली आणला. ते त्यांना जास्त लागलं.

"आई, तू दोनदा तर नाही ना घालत?"

सिस्टर "छे" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मीठ घालताना त्यांचा हात डब्यावरच थांबला. थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग एकच पत्र दोनदा, आणि शेवटी सिस्टरनाच तिने विचारलं होतं, तुम्ही कोण. दीड वाजता आपण तर झोपलेलो असतो. म्हणजे आपण झोपेत उठून पाणी घालतो की काय? या विचाराने त्यांना खरोखरच भीती वाटली. मीठ घातलं होतं की नाही ते आठवेना, म्हणून त्यांनी दोनदा चव घेतली.

पण नुसतं घाबरून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावला. तारीख, वेळ, किती कप, सही. जे लिहिलं नाही ते केलं नाही, हा धडा त्यांनी कितीतरी पोरींना दरडावून शिकवला होता. सकाळी सहाला त्यांनी पहिली ओळ भरली. दुपारी दोनला उठल्या, तर बाल्कनीत तळं आणि कागदावर एकच ओळ. केलं आणि लिहायचंही विसरले असेन, असं म्हणायला जागा उरलीच. लेक यायच्या आत तळं पुसून झालं, आणि या वेळी काका काही वर आले नाहीत.

आता एकच उपाय होता. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी कप हातातच घेतला नाही. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, "आज पाणी नाही." गुलाबाकडे बघवेना, तो जुन्या अंगणातल्या काडीवरचा होता. त्याला त्या म्हणाल्या, "एक दिवस कळ काढ बाबा." जेवून एक वाजता नेहमीसारख्या आडव्या झाल्या, पण डोळे उघडे ठेवून. आज फरशी कोरडी राहिली, तर चोर आपणच.

साडेआठ शतकं लोटल्यासारखा अर्धा तास गेला. मग कुलपात किल्ली फिरली. हलकेच.

पापण्यांच्या फटीतून, खोलीच्या उघड्या दारातून त्यांनी पाहिलं. जावई बूट हातात घेऊन मोज्यांवर आत आला. त्याचं दुकान चौकापलीकडेच होतं, पण दुपारचा डबा तो तिथेच खात असे. हा धिप्पाड माणूस चवड्यांवर चालत न्हाणीघरात गेला, मग तांब्या भरून घेऊन बाल्कनीत आला आणि मिरचीच्या कुंडीत त्याने तो एका दमात रिकामा केला. मग टोमॅटो. मग पुदिना, लिंबू, गुलाब. पाणी कडेने खळखळ खाली आलं. तो दचकला, खिशातून सोफ्याच्या कापडाचा तुकडा काढून ओणवा झाला आणि मन लावून फरशी पुसायला लागला. पुसून उठला तेव्हा फरशी स्वच्छ होती. कापडातून पुढचा अर्धा तास पाझरत राहणार, हे त्याच्या गावीही नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! सिस्टरना आधी हसू फुटलं, ते त्यांनी चादरीत दाबलं. पाठोपाठ राग आला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. उठून चांगलं फैलावर घ्यावं म्हणून त्यांनी कोपर टेकलं, तोच तो त्यांच्या खोलीकडे वळला. त्यांनी डोळे मिटले. त्याने खिडकीचा पडदा ओढून त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि आला तसाच बूट हातात घेऊन गेला. राग कुठल्या कुठे गेला. सिस्टर बराच वेळ तशाच पडून राहिल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग उठून तळं पुसलं.

सहाव्या दिवशी दुपारी जावई मोज्यांवर आत आला, तर सिस्टर बाल्कनीच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या. कपाटातला कागद आता दाराला होता. त्यावर दोन रकाने आखलेले. सकाळी सहा, दीड कप, पुढे सिस्टरची सही. दुपारी दीड, दीड कप, पुढे जागा रिकामी.

जावयाने बूट खाली ठेवले. कागद वाचला. पुन्हा वाचला. कान लाल झाले.

"आई," तो म्हणाला. सिस्टर नाही, आई. "या सोमवारी मोजमापाचं पुस्तक न्यायला आलो, तर मिरचीनं मान टाकली होती. माती वरून कोरडी. मला वाटलं, तुमच्या लक्षात राहत नाही. हिनं बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला तपासायला नेलं असतं."

"मिरची भर दुपारी मान टाकतेच. संध्याकाळी आपोआप उचलते."

"मला काय ठाऊक."

"तुम्हाला वाटलं, मी विसरते."

तो खाली वाकून बूट सरळ लावायला लागला.

"मलापण तेच वाटत होतं," सिस्टर म्हणाल्या. "दोन दिवस."

त्याने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, तो तिथेच फरशीवर मांडी घालून बसला. सिस्टरनी त्याच्या हातात चोचीचा कप दिला. मधोमध धरा. एक घोट. आता थांबा. थांबा म्हटलं ना, जावईबापू, आग विझवायची नाहीये. त्याचे सुया-खिळ्यांनी घट्टे पडलेले हात कपाच्या चोचीशी जपून वागत होते. उन्हाळाभर दोन वेळा थोडं थोडं दिलेलं झाडांना मानवेलच, असं सिस्टर म्हणाल्या. पाचवी कुंडी झाल्यावर त्याने रिकाम्या जागेत सही केली. ताटल्या कोरड्या होत्या.

संध्याकाळी लेक घरी आली ती जिन्यातूनच काळजी घेऊन. खाली काका भेटले होते. आज दीड वाजून सात मिनिटांनी काहीच पडलं नाही, सिस्टर बऱ्या आहेत ना, असं त्यांनी विचारलं होतं. चप्पल काढायच्या आत ती बाल्कनीत गेली, फरशीवरून बोट फिरवलं आणि दारातून चहा पीत बसलेल्या दोघांकडे पाहिलं.

"आई, आज पाणी घालायला विसरलीस का गं?"

जावयाला जोराचा ठसका लागला. सिस्टरनी शांतपणे त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, त्याचा कप उलटण्याआधी काढून घेतला आणि ठसका थांबेपर्यंत हात पाठीवरच ठेवला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आता विसरायचं म्हटलं तर दोघांना मिळून विसरावं लागेल."