काठीला घाबरणारे सर

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माझ्या टोकाला टेनिसचा चेंडू आहे. सरांचा कार्यक्रम मी वाचवला. पण ते अजून घडलेलेच नाही असे धरा, नाहीतर गोष्ट इथेच संपेल.

माझा जन्म पडद्याचा दांडा म्हणून झाला. सर तेव्हा टीव्हीवर जिवंत प्राणी दाखवायचे. माकडाने त्यांचा चष्मा नेला, शहामृगाने टोपी गिळली. तेव्हा सरांनी ठरवले, यापुढे फक्त मेलेले प्राणी. तेही निदान सहा कोटी वर्षांपूर्वी मेलेले. कार्यक्रमाचे नाव ठेवले 'जबडा'.

डायनोसॉर मागाहून संगणकावर घालत. चित्रीकरणात सरांनी नेमके कुठे बघून घाबरायचे हे कळावे, म्हणून मला उंच धरत. ते काम सरांच्या मेहुण्याकडे होते.

"दाजी, चेंडूकडे बघा! माझ्याकडे काय बघताय?"

"तूच जास्त धोकादायक दिसतोस रे. हलव तिला जरा, भूक लागल्यासारखी."

मी हलले की सर किंचाळत पळत. अकरा वर्षांत मी एकशे चार जातींच्या हिंस्र प्राण्यांचे काम केले. सरांना बक्षिसे मिळाली. मला एकदा नवा चेंडू मिळाला, कारण जुना मेहुण्याच्या कुत्र्याने पळवला.

मग चॅनेलवर नव्या मॅडम आल्या. "पुढचा भाग चालला नाही, तर 'जबडा' बंद," त्यांनी बजावले. त्या धसक्याने संगणकवाल्यांची अशी धांदल उडाली, की त्यांनी डायनोसॉर न घातलेलाच भाग पाठवून दिला. सगळ्या देशाने पाहिले : एक पोक्त गृहस्थ झुडपात दडून पोपटी चेंडूकडे बघत थरथरताहेत आणि कुजबुजताहेत, "कोणी हलू नका. तिने आपल्याला पाहिलंय."

सरांच्या आईचा लगेच फोन आला. "अरे, चेंडूला काय घाबरतोस? लहानपणी गल्लीतल्या सगळ्या काचा फोडल्यास की!"

दुसऱ्या दिवशी सर राजीनामा खिशात घालून मॅडमसमोर उभे राहिले. पुरावा म्हणून मेहुण्याच्या हातात मलाही नेले होते.

"माझी मुलगी कालपासून पलंगाखाली आहे," मॅडम म्हणाल्या. "घरातले सगळे चेंडू तिने कपाटात कोंडलेत. तुम्ही खरंच घाबरला होता?"

"अकरा वर्षं रोज घाबरतोय, मॅडम," सर म्हणाले. तेवढ्यात मेहुण्याचा हात अवघडला, मी जरा हलले, आणि सर मॅडमच्या टेबलाखाली गेले.

मॅडमनी वाकून टेबलाखाली पाहिले. मग म्हणाल्या, "डायनोसॉर रद्द. काठीच ठेवा."

कार्यक्रम अजून जोरात चालू आहे. माझ्या भूमिकेसाठी मात्र आता एक तरुण ॲल्युमिनियमची काठी घेतली आहे. मी मेकअपच्या खोलीत खिडकीला टेकू देते. सर रोज येतात, पण माझ्याकडे कधी पाठ करत नाहीत. भिंतीला चिकटून, आडवे सरकत खुर्चीपर्यंत जातात. एवढा मान मला दुसरे कोणी देत नाही.

तरी संबंधित विभागास नम्र विनंती, की सामानाच्या यादीत माझी नोंद 'काठी, एक नग' अशी न करता 'मांसाहारी, एक नग' अशी करावी. आणि जुन्या सेवेची दखल घेऊन, दिवसातून निदान एकदा कोणीतरी माझ्यासमोरून किंचाळत पळण्याची कायमस्वरूपी व्यवस्था करावी.