फिदेलियाच्या झोळीतली ती दुपार

मी एक जुनी, दोन आकड्यांना टांगून निजायची झोळी आहे. तुम्ही म्हणाल, झोळीला कसलं आलंय आयुष्य! मित्रांनो, आमच्या युकातान नावाच्या उष्ण मुलखातल्या गावात माणूस झोळीत जन्मतो, झोळीत झोपतो, झोळीत आजारी पडतो आणि बहुधा झोळीतच डोळे मिटतो. खाट ही दवाखान्यातली वस्तू. तेव्हा माणसाला माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

मला असुंता नावाच्या बाईनं उभ्या लाकडी चौकटीवर विणलं. सूत निळं आणि पांढरं. आपल्या लेकीच्या, फिदेलियाच्या लग्नासाठी ती मला विणत होती आणि विणता विणता होणाऱ्या जावयाला शिव्या मोजत होती. म्हणून की काय, माझी वीण घट्ट झाली. जावई पुढे शहरात कामाला गेला तो गेलाच. मी मात्र टिकले.

फिदेलियाला एक मुलगी झाली, नेईदी. तिचा जन्म माझ्यातच झाला. मग फिदेलिया सुईणपण शिकली. गावातल्या पोटुश्या बाया तिच्याकडे पोट चोळून घ्यायला येत. ती त्यांना माझ्यात निजवी, आपल्या तळहातांना तेल लावी आणि आडवं बसलेलं मूल हळूहळू सरळ करी. पण त्याआधी तिचा एक नेम होता. नवरा असो, सासू असो, ती सगळ्यांना घराबाहेर काढी. कुणी कुरकुरलं तर म्हणे, "पोट तिचं दुखतंय ना? मग तुम्ही कशाला कण्हताय? व्हा बाहेर!" दार लोटलं की बाईच्या उशाशी बसून हलकेच विचारी, "रक्त दिसलंय का गं?" हो म्हटलं, की तिला बोटही न लावता दवाखान्यात धाडी. ते माझे मानाचे दिवस होते. बाळंतपणाला बाया मला आपल्या घरी नेत, माझ्या दोऱ्या धरून कळा देत आणि नंतर मला धुऊन, उन्हात वाळवून परत आणून देत.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात गेली. समुद्रकाठी मोठाल्या प्रवासी जहाजांसाठी धक्का बांधला गेला आणि आमच्या रानातल्या जुन्या देवळांच्या अवशेषांकडे बसगाड्या भरभरून येऊ लागल्या. फिदेलियानं तिथल्या फाटकापाशी भरतकामाच्या झग्यांचं दुकान मांडलं आणि मला दुकानामागच्या पडवीत टांगलं. आता माझ्यात प्रवासी बसून फोटो काढत. त्यांच्या अंगाला उन्हाच्या मलमाचा वास येई. माझी एक कड उसवली, ती कुणी शिवली नाही. मला वाईट वाटे, पण सांगणार कुणाला?

नेईदी इंग्रजी शिकून त्याच प्रवाशांना देवळं दाखवू लागली. ऐन दुपारी एकदा ती एका तरुण बाईला हाताला धरून पडवीत घेऊन आली. बाईचं नाव ब्रिना. सहावा महिना लागलेला, चेहरा घामानं निथळत होता. मागून तिचा नवरा कोल्टन आला, दोघांच्या पिशव्या सांभाळत. बिचारा भला माणूस होता. मूल झाल्यावर कुठलं फिरणं, म्हणून वर्षभर जादा पाळ्या करून त्यानं बायकोला ही जहाजाची सफर घडवली होती.

"आई, हिची पाठ फार भरून आलीय," नेईदी म्हणाली. "जरा पडू दे हिला."

"भर दुपारी पोटुशी बाई त्या दगडांत फिरवतेस? तिथला वारा बरा नसतो. अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

"तिनंच हट्ट धरला गं. आणि वाऱ्याचं पुराण नंतर सांग, बस सुटायची आहे."

ब्रिना माझ्यात आडवी झाली. तिचं अंग कापत होतं, ते मला कळलं. फिदेलियानं तिच्या पोटावरून नजर फिरवली. "बाळ एका अंगाला गेलंय. दोन हात फिरवले की मोकळं वाटेल. विचार तिला, चोळू का?"

नेईदीनं विचारलं. ब्रिनाच्या आधी कोल्टनच खुलला. "अगं घे की करून! अस्सल इथली सुईण! थांब, मी फोनवर घेतो. बाळाला मोठेपणी दाखवू."

फिदेलियानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याला बाहेर काढायला तिचं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं ना! तेवढ्यात बसचा चालक चेमोनं भोंगा वाजवला आणि ओरडला, "नेईदी, जहाज काय तुझ्या काकाचं आहे? थांबणार नाही ते!" पडवीला दार नव्हतं. फिदेलिया घाईनं म्हणाली, "असू दे. विचार पटकन, रक्त दिसलंय का?"

ब्रिनानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो फोन धरून हसत होता. मग ती म्हणाली, "नाही."

फिदेलियाचे हात मला ओळखीचे होते. ते नेहमीसारखेच हळुवार फिरले. ब्रिनानं डोळे मिटले आणि तिला बरं वाटू लागलं असं सगळ्यांना वाटलं. मग तिनं एकदम माझी उसवलेली कड मुठीत धरली. माझ्या सुतात ऊब उतरली, आणि माझ्याखालच्या मातीवर रक्त ठिबकू लागलं.

"नेईदी, गाडी आण!" फिदेलिया किंचाळली. कोल्टनच्या हातून फोन पडला. "काय झालं? काय केलंत तिला?" तो विचारत राहिला. ब्रिनाला माझ्यातून काढायला वेळ नव्हता. त्यांनी मला आकड्यांवरून सोडवलं आणि तिला माझ्यासकट उचलून बसमध्ये ठेवलं. चेमोनं धक्क्याचा रस्ता सोडून गाडी शहराच्या दवाखान्याकडे घातली. मागे बसलेल्यांपैकी कुणीही जहाजाचं नाव काढलं नाही.

ब्रिना वाचली. तिची मुलगी वाचली नाही.

दोन दिवसांनी नेईदी मला घेऊन घरी आली. डॉक्टर म्हणाले होते, बाळाला पोसणारी वार आधीच सुटू लागली होती, पोटाला हात लावायलाच नको होता. नेईदी आईजवळ जमिनीवर बसली.

"आई, तुझा दोष नाही. ब्रिनानं मला सगळं सांगितलं. आदल्या दिवशीच जहाजावर तिला रक्त दिसलं होतं. जहाजवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला उतरवून दवाखान्यात ठेवलं असतं, नवऱ्याची सगळी सफर बुडाली असती. त्याच्यासमोर तिला सांगवलं नाही. ती खोटं बोलली, आई."

फिदेलिया माझ्या सुताच्या गाठी सोडवत म्हणाली, "त्याच्यासमोर विचारलं कुणी? मी. खरं बोलायला मी तिला जागाच ठेवली नाही."

त्यानंतर तिनं कुणाच्याही पोटाला हात लावला नाही. बाया दारापर्यंत येत आणि तिचा चेहरा पाहून परत जात. मला तिनं धुतलं, माझी घडी घातली आणि पेटीत ठेवलं.

मित्रांनो, मला पेटीबाहेर काढा, माझी कड शिवा, असं मी म्हणणार नाही. झोळ्या पुष्कळ विणल्या जातील. माझं मागणं एवढंच आहे की, दुखणाऱ्या माणसाला काही विचाराल, तेव्हा आधी त्याच्याभोवतीची माणसं दूर करा, मग ती कितीही प्रेमाची असोत. बाहेर भोंगा वाजत असेल तर वाजू द्या. खरं उत्तर ओठांवर यायला थोडा वेळ लागतो. त्या दुपारी तेवढा वेळ आमच्यापैकी कुणीच थांबलं नाही.