खोट्या अंड्याची साक्ष

कुणीही काही बोलत नव्हते. अंगणात माणसे उभी होती. त्यांचे श्वास मला जाणवत होते, पण शब्द एकही नव्हता. पेरूच्या झाडावर कोंबड्याही गप्प बसल्या होत्या. एक अंडे घातले तरी साऱ्या गल्लीला ओरडून सांगणाऱ्या कोंबड्या जेव्हा मुक्या होतात, तेव्हा ती शांतता चांगली नसते.

मित्रांनो, मी एक जुना, पांढरा गोटा आहे, आणि त्या सकाळी मी एका नागाच्या पोटात होतो.

दचकलात ना? मीसुद्धा अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही. दगडाला धक्का बसत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. पैनगंगेचे कित्येक पूर माझ्या अंगावरून गेले, तेव्हा मलाही तसेच वाटत होते. नदीने मला घडवले, म्हणजे माझ्यात जे जे टोकदार होते, ते ते ती काढून घेऊन गेली. उरलो तो असा: गुळगुळीत, पांढरा, नेमका अंड्याच्या घाटाचा.

नदीकाठच्या एका गावातून सोजरा नावाची नवी नवरी सासरी निघाली होती. घाटावर पाय धुताना तिने मला उचलले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. का, ते तिने कुणाला सांगितले नाही. माहेरचे काहीतरी जड असे आपल्यासोबत असावे, एवढेच कदाचित तिला हवे असेल.

तिचा नवरा बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत होता. क्वार्टरच्या मागे तिने कोंबड्या पाळल्या आणि माझ्या आयुष्याला काम मिळाले. कोंबडीचा स्वभाव असा, की नव्या जागी अंडे घालायला ती बिचकते. पण तिथे आधीच एक अंडे दिसले, तर ती जागा तिला भरवशाची वाटते. म्हणून सोजराने मला पेंढ्यात ठेवले. मी खोटे अंडे झालो. त्या गावात उंबऱ्यावर, पानांवर, माणसांच्या पापण्यांवरही कोळशाची भुकटी बसायची. सोजरा मला दर आठवड्याला धुऊन पांढरे करायची आणि म्हणायची, "तू काळा झाला तं कोंबड्या फसतीन कशा रे?"

पुढे नवरा गेला, क्वार्टर सुटले. सोजरा आता साऱ्या गल्लीची सोजरआक्का झाली होती. ती मावला या गावी मुलाच्या घरी आली. त्या घराच्या अंगणात चकचकीत फरशी होती, कोंबडीला उकरायला मातीच नव्हती. मी खिडकीत पडून राहिलो. कुणी उचलेना, कुणी धुवेना. मित्रांनो, वस्तूचे म्हातारपण झिजण्याने येत नाही. कुणाला तिची गरज उरली नाही, की ते येते.

मग शेजारच्या भागीरथाने बाजारातून पाच तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या आणल्या. तिचे यजमान खुशालराव शाळेत कारकून होते, नुकतेच निवृत्त झाले होते. कोंबड्यांविषयी दोघांनाही काहीच ठाऊक नव्हते. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीपाशी येऊन भागीरथा रोज एकच वाक्य म्हणायची, "आक्का, एक इचारू का?"

"इचार नं माय. तुह्या इचारन्याले काय तिकीट लागते?"

"कोंबडा नाही आमच्याजवळ. तरी अंडे देतीन का ह्या?"

"देतीन नं. पिल्लं पाह्यजे असन तं कोंबडा लागते. नुसत्या अंड्याले कायले पाह्यजे? आपल्याले तरी रोज कुठं लागते नवरा?"

भिंतीच्या दोन्ही बाजूंना हसू फुटायचे. असे कितीतरी प्रश्न आले. टरफल मऊ काऊन निघून राह्यलं? मग शिंपल्यांची भुकटी दाण्यात मिसळली गेली. पिसे झडू लागली तेव्हा भागीरथा रडवेली झाली; आक्काने सांगितले, की जुनी पिसे जाऊन नवी येतात, तोवर अंडी थांबतात, रोग नव्हे. मानमोडी रोगाची लस मात्र चुकवायची नाही, हेही तिनेच बजावले. सगळेच तिला बरोबर यायचे असे नाही. तांबडी कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली तेव्हा आक्का म्हणाली, गार पाण्यात बुडव, लगेच उठते. तांबडी भिजली, चिडली आणि परत येऊन माझ्यावरच बसली. किती दिवस ती बसून राहिली! तिच्या पोटाची ऊब माझ्यात झिरपत होती आणि आपल्या आत काहीतरी हलेल, असे मलासुद्धा वाटू लागले होते.

हो, मला आक्कानेच भागीरथाच्या हाती दिले होते. "माहेरचा हाय," एवढेच म्हणाली. "सांभाळ."

फक्त एक सल्ला त्या घरात ऐकला गेला नाही. आक्का म्हणाली होती, "खुराड्याले जाळी बारीक लाव. बोट जाईन एवढंच भोक पाह्यजे." खुशालरावांकडे भाजीच्या वाफ्याची रुंद जाळी उरली होती. "ह्याच्यातून कोंबडी निघते का? नाही निघत. मग झालं," ते म्हणाले. त्यांनी बाहेर जाणारीचे माप घेतले, आत येणाऱ्याचे घेतले नाही.

यंदा त्यांची मुलगी मैत्री बाळंतपणासाठी माहेरी आली आणि अंडी तिच्यासाठी राखून ठेवली जाऊ लागली. नेमकी तेव्हाच अंडी नाहीशी होऊ लागली. भागीरथा रोज पेंढा चाळायची. मी सापडायचो, माझ्या बाजूला काही नसायचे.

"तुह्या कोंबड्याईनं संप केला काय व?" खुशालराव हसायचे.

ती हसत नव्हती. दुपारी खुराड्याजवळ कोण येते, याचा विचार करायला तिने सुरुवात केली होती. दुपारी एकच माणूस यायचे. मूठभर कण्या घेऊन सोजरआक्का यायची, जुन्या सवयीने कोंबड्यांशी बोलत बसायची आणि निघून जायची.

आणि मग ती दुपार. आक्का येऊन गेल्यावर बाहेरच्या विटांच्या ढिगामागून तो नाग जाळीतून आत आला. मी त्याला आधीही पाहिले होते. अंडी कुठे जात होती ते मला ठाऊक होते, पण दगडाला तोंड नसते. त्या दिवशी पेंढ्यात अंडे नव्हते. मी होतो. एक थंड, ओला अंधार माझ्यावर हळूहळू चढत आला. मी नदीत कधी बुडालो नव्हतो इतका त्या पोटात बुडालो. खरी अंडी तिथे फुटत असतील, विरत असतील. मी फुटलो नाही. तो मला घेऊन खुराड्याच्याच अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडला.

सांजेला भागीरथाने पेंढा चाळला. या वेळी मीही नव्हतो. ती सरळ भिंतीकडे गेली. नागाच्या देहातून आवाज जाडाभरडा येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

"आक्का, अंडे नेले तं नेले. गोटा कायले नेला?"

"काय म्हन्लं व?"

"दुसरा चोर असता तं गोटा फेकून देल्ला असता. तुमचा होता म्हून तुमीच नेला! माह्यी लेक बाळंतपनाले आली, अन् तिच्या तोंडातलं..."

"भागीरथे, लोक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या नं! माहेरचा गोटा पाह्यजे होता तं मागाचा होता."

आक्काची पावले घराकडे वळली. दाराची कडी लागल्याचा आवाज तेवढा आला.

मित्रांनो, तो क्षण मी अजून पचवू शकत नाही. मी तिथेच होतो, चार हातांवर. माझ्या नसण्याचा पुरावा केला जात होता, आणि ज्या हातांनी मला जन्मभर धुतले त्या हातांवर तो ठेवला जात होता.

त्या सांजेला कोंबड्या खुराड्यात शिरेनात. दारापर्यंत यायच्या, मान ताणून आत पाहायच्या, मागे फिरायच्या. भागीरथा त्यांना हाकून दमली. सवयीने ती भिंतीपाशी गेली. "आक्का, एक..." म्हणाली आणि थांबली. तो एक प्रश्न तिने विचारला असता, तर आक्काने काठी घेऊन खुराडे उघडायला लावले असते. कोंबड्या पेरूवर चढून बसल्या.

सकाळी नाग जाळीतून बाहेर निघू लागला. डोके गेले, मान गेली आणि मी अडकलो. ज्या भोकातून तो आला होता, त्या भोकातून मला घेऊन त्याला जाता येईना. फूत्कार ऐकून माणसे जमली आणि सुरुवातीला सांगितली ती शांतता पसरली.

सर्पमित्र कुलदीप आला तेव्हा ती मोडली. "मागं सरा सारे. काका, मोबाइल खिशात ठेवा, नाग काई लग्नात नाही आला." त्याने पकडीने तारा तोडल्या. मोकळा होताच नागाने जबडा फाकवला, अंगाला पीळ दिला आणि मी मातीवर पडलो.

कुलदीपने वाकून पाहिले. "बाप्पा! हा तं गोटा हाय! अंडं समजून गिळला यानं."

कुणीतरी हसले. मग ते हसूही गळून पडले, कारण काल सांजेचे बोलणे साऱ्या गल्लीने ऐकले होते. भागीरथाचा चेहरा मी पाहिला. माझ्याइतकाच पांढरा होता.

नाग पोत्यात घातला गेला, रानात सोडायला नेला. मित्रांनो, म्हाताऱ्या दगडाचे एवढे ऐका. जाळी बारीक लावा. अंडी वेळच्या वेळी उचला. विटांचे ढीग खुराड्याजवळ ठेवू नका. कोंबडी दारातून मागे फिरली तर आत वाकून पाहा. आणि माणसावर आळ घेण्याआधीही तसेच वाकून पाहा. नाग पोत्यात भरून नेता येतो. गल्लीत बोललेले वाक्य पोत्यात भरता येत नाही.

भागीरथाने मला नळाखाली धुतले. पुन्हा धुतले. मग भिंतीपाशी गेली. पलीकडे सोजरआक्का उभी होती. तिने सगळे पाहिले होते. भागीरथाने मला भिंतीवर ठेवले. तिचे बोट माझ्यावरून निघेना.

"आक्का," ती म्हणाली.  "एक इचारू का?"

आक्काने माझ्याकडे पाहिले. नदीच्या घाटावर पाहिले होते तसे, बराच वेळ. तिचा हात पदरातून थोडा बाहेर आला, मला वाटले आता उचलेल.

मग तिने पदर सावरला, पाठ फिरवली आणि फरशीवरून हळूहळू चालत ती घरात निघून गेली.