पिवळ्या पत्र्याखालचं घर

बाउदिलिओ ओयार्सो घर विकतोय हे कळलं, तेव्हा एदुविना बटाटे सोलत होती. बटाटा खाली ठेवला, सुरी मात्र हातातच राहिली.

घर मुळात तिच्या आईचं. काही वर्षांपूर्वी आईला ते आपल्या बहिणीच्या गावी न्यायचं होतं. आमच्या चिलोए बेटावर माणूस हलला की घरही हलतं. शेजारीपाजारी ते ओंडक्यांवर चढवतात, बैल जुंपतात. मिंगा म्हणतात त्या गावकामाला; मजुरी नसते, पोटभर जेवण असतं. पण आधी मुकादमाने भिंती ठोकून बघायच्या, कारण कुजकं घर वाटेत मोडलं तर बैल मरतात. मुकादम होता बाउदिलिओ. त्याने भिंतींवरची लाकडी कौलं ठोकली आणि मान हलवली. "कुजलंय. जळण आहे नुसतं." मग कोण बैल देतो? आईने जळणाच्या भावात घर त्यालाच विकलं आणि बहिणीच्या परसातल्या छपराखाली मेली. त्याने मात्र त्या जळणात संसार थाटला, आणि कौलं कुणाला दिसू नयेत म्हणून चारी भिंतींना पिवळा पत्रा ठोकला.

आता त्याला मुलीकडे शहरात जायचं होतं.

"पोरी, आत दगडासारखं लाकूड आहे. तसा भाव दे," तो म्हणाला.

"देते की. पण काका, मी घर उचलून नेणार. आधी सगळ्यांसमोर भिंत ठोका, काय ते सांगा. मग भाव."

"सगळ्यांसमोर कशाला?"

"रीतच आहे ना? आईच्या वेळी पाळलीत."

रविवारी गाव जमलं. बाउदिलिओ भिंतीपाशी उभा. चांगलं म्हणावं तर जुनं खोटं उघडं पडतंय, वाईट म्हणावं तर भाव जातोय.

"ठोका की काका! हाताला लकवा झाला का?" बैलवाली उल्दा ओरडली. बायका खिदळल्या.

त्याने ठोकलं. पत्रा वाजला.

"कुजलंय," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!"

"कुजलंय!"

"मग जळणाचाच भाव," म्हणत एदुविनाने पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि हाळी दिली, "उतरवा रे पत्रा!"

दर्शनी भिंतीची कौलं चांदीसारखी निघाली. उल्दाने सुरी खुपसली, तर टोकच वाकलं. आईच्या वेळी घरी बसलेले सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एदुविनाने एकेकाला नीट बघून घेतलं. गोड लागलं तिला.

मग समुद्राकडचा पत्रा निघाला. आत कौलं काळी पडलेली. एदुविनाने बोट लावलं तर भिजल्या पावात शिरावं तसं शिरलं.

"बघा! सांगत नव्हतो मी?" बाउदिलिओला कंठ फुटला.

"तुमच्याच पत्र्याने ओल कोंडली, काका," उल्दा म्हणाली. मग एदुविनाकडे वळली. "सांगाडा धड आहे गं. बैल माझे, जोखीम माझी. तुझ्या आईच्या वेळी भ्यायले होते."

एदुविनाने बोटं एप्रनला पुसली. "हाळी द्या, काका. मुकादम तुम्हीच."

"ओढा!" त्याचा आवाज चिरकला.

घर कण्हलं, हललं. काळी कौलं भसाभस झडून त्याच्या पायाशी ढीग झाला. एका अंगाने उघडं पडलेलं घर चढ चढू लागलं.

एदुविना एकदाच मागे वळली. "तेवढं मात्र खरंच कुजलंय. जळण तुमचं, काका. घरी न्या."

चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, 'घरी न्या' म्हटलं खरं, पण त्याचं घर तर आपणच घेऊन चाललोय. तिने चालता चालता चांदीच्या भिंतीवर तळवा टेकला.