सोसायटीची सात नंबरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझा उजवा हात मोडला आहे, बैठकीचा वेत फाटला आहे, आणि त्या भोकात आता पाण्याचा माठ ठेवलेला असतो. माठ इतका बरोबर बसतो की हरिबा सुताराने मला त्यासाठीच केले असावे असे कुणालाही वाटेल. तसे नाही. हरिबाने मला माणसांना बसण्यासाठी केले होते.

हरिबा कळंबचा. आमचे गाव मात्र बेंबळीच्या पलीकडे. तिथल्या सेवा सोसायटीने एकोणीसशे सत्तावन्न साली त्याच्याकडून बारा खुर्च्या करून घेतल्या. अस्सल सागवान, वेताची बैठक, दोन्ही बाजूंना हात. सोसायटीचे सेक्रेटरी गुंडाप्पा यांनी आम्हा सगळ्यांच्या पाठीवर काळ्या ऑइलपेंटने नंबर घातले. माझ्या पाठीवर 'सोसायटी ७' असे आले. ते दिवस चांगले होते. गावात लग्न असले की नवरदेवाच्या मामाला बसायला आम्हालाच नेत, आणि मामा बसण्याआधी माझा हात चाचपून म्हणे, "लाकूड लई भारी हाय." मला तेव्हा अशा गोष्टींचा आनंद होत असे.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. सोसायटीच्या गोदामात ना खत, ना धान्य. पोरे खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. गावच्या पुढाऱ्यांनी ठरवले की गोदाम रिकामेच आहे, तर त्यात कॉलेज काढू. कॉलेज निघाले. वर्गात खताचा वास येई आणि पोरे नाकाला रुमाल लावून इतिहास शिकत. पाच-सहा वर्षांनी सरकारी अनुदानही मिळू लागले. पण कॉलेजकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा फळ्याशिवाय फारशा वस्तू नव्हत्या. म्हणून कॉलेजचे हेडक्लार्क तात्याराव यांनी आम्हा बाराजणींना कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या वहीत, लिहिले आणि पुढच्या पायांवर पांढऱ्या रंगाने कॉलेजचे नंबर टाकले.

तेव्हापासून माझी नोंद दोन वह्यांत झाली. सोसायटीचा ऑडिटर आला की आम्ही सोसायटीत, पाय टेबलाखाली आणि पाठ दाराकडे. कॉलेजची तपासणी आली की आम्ही कॉलेजात, पाठ भिंतीला आणि पाय समोर. गुंडाप्पा आणि तात्याराव एकमेकांना फक्त तारीख कळवत. सोसायटीतून कॉलेजात जायला एक गल्ली ओलांडावी लागे. मला पाय चार, पण ती गल्ली मी कायम तारामतीच्या डोक्यावरून ओलांडली.

तारामती कॉलेजात पाणी भरायची. दोन फर्लांग लांबच्या विहिरीवरून दोन घागरी, दिवसातून सहा खेपा. पहिल्या वर्षी दोन-तीन प्राध्यापक तिच्या माठाला हात लावत नसत, घरून तांब्या भरून आणत. दुष्काळ वाढला आणि त्यांच्या घरचेच तांबे पालथे पडले, तेव्हा तेही मुकाट्याने तिच्या माठाशी आले. ती ओगराळे बुडवून ज्याच्या त्याच्या हातावर पाणी घालत राहिली.

पाण्याशिवाय ती झाडलोट करी, घंटा देई, आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने आम्हाला पुसे. आधी पाठ, मग हात, मग पाय. माझ्या आयुष्यात एवढ्या मायेने मला कुणीच पुसले नाही. पण कॉलेजच्या हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. तिच्या कामाचे पद मंजूर नव्हते. प्राध्यापक पदरचे चार-चार रुपये काढून तिला देत, तेही त्यांचा पगार झाला तर. आठ वर्षे ती तात्यारावांना एकच विचारत आली.

"सायेब, माझं नाव कवा चढायचं पटावर?"

"चढंल, तारामती. पद मंजूर झालं की पयलं नाव तुझंच."

ऐंशीच्या हिवाळ्यात पत्र आले. अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजांची आर्थिक प्रकृती कशी आहे, सरकारचा पैसा कुठे जातो, हे पाहायला मुंबईहून विधिमंडळाची समिती येणार होती. आमदार लोक स्वतः येणार, हिशोब बघणार, वस्तू मोजणार. प्राध्यापकांचे सात महिन्यांचे पगार अडकलेले होते. समितीचा शेरा चांगला आला तर अनुदान सुटेल आणि नवीन पदेही मिळतील, असे प्राचार्यांनी सगळ्यांना सांगितले. तात्याराव तारामतीला म्हणाले, "आता तुझंबी काम होतंय बघ." त्या दिवशी तिने एक खेप जास्त केली.

अडचण आमच्या पाठीची होती. समिती मधोमध टेबल मांडून बसणार, म्हणजे पाठ भिंतीला लावायची सोय नाही. तात्यारावांनी आदल्या दिवशी संध्याकाळी डिंक, गेरू आणि काजळी कालवली आणि बाराही पाठींवरचे नंबर त्याखाली झाकले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असे ते स्वतःशीच पुटपुटले. गेरू लाकडाच्या रंगात बऱ्यापैकी मिसळला. त्यांनी ही गोष्ट प्राचार्यांना सांगितली, गुंडाप्पांना कळवली. तारामतीला सांगितली नाही. पाणी भरणाऱ्या बाईला ऑफिसातले काही सांगायची आमच्याकडे रीत नव्हती.

सकाळी ती लवकर आली. अध्यक्षांसाठी मलाच ठेवले होते, कारण माझा वेत सगळ्यांत चांगला होता. तिने मला पुसायला घेतले. पाठीवरचा गेरू पाहून ती थांबली, मग फडके दोनदा पिळून तिने तो खसखसून काढला. ऑइलपेंट तसाच राहिला. तिला अक्षर येत नव्हते. दुसऱ्या खुर्चीला हात घालणार तोच बाहेर जीप वाजली आणि ती पाणी आणायला धावली. मला सगळे कळत होते. पण खुर्ची काय करणार?

समिती बसली. वह्या आल्या. अध्यक्ष वयस्कर होते, आवाज शांत. तास-दीड तास सगळे नीट चालले. मग उशिरा आलेले एक सदस्य अध्यक्षांच्या मागून जाता जाता थबकले आणि त्यांनी मोठ्याने वाचले, "सोसायटी सात."

अध्यक्ष उठले. त्यांनी मला फिरवले. मग बाकीच्या खुर्च्यांच्या पाठी पाहिल्या. तिथे काही नव्हते.

"ही एकटीच सोसायटीची आहे का?"

प्राचार्यांनी तात्यारावांकडे पाहिले. तारामती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. अध्यक्षांनी तिला विचारले, "बाई, ही खुर्ची कुणी पुसली?"

"म्या पुसली की सायेब. गेरू लागला व्हता मागं. तुमचे पांढरे कपडे खराब व्हतील म्हणून चांगली घासली."

"कधी?"

"आज सकाळीच. बाकीच्या ऱ्हायल्या तेवढ्या." तिला वाटले, त्या राहिल्या म्हणून ते विचारतात. "पुसू का?"

तात्याराव खाली बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "पुसा."

तिने पदर खोचला आणि फडके भिजवले. सोसायटी एक. सोसायटी दोन. एकेक नंबर वर येत होता आणि ती प्रत्येक पाठ शेवटी कोरड्या पदराने टिपत होती. एवढी मोठी माणसे आपले काम बघत आहेत, म्हणून ती जास्तच मन लावून पुसत होती. पाचव्या-सहाव्या खुर्चीला तिने तात्यारावांच्या तोंडाकडे पाहिले. मग तिचा हात मंदावला. पण पुसा म्हटले होते, म्हणून तिने बाराव्या खुर्चीपर्यंत सगळे पुसले.

मित्रांनो, त्या वेळी मला फार वाईट वाटले. त्यानंतर मला फारसे काही वाटलेले नाही.

अध्यक्षांनी तिला विचारले, "तुम्ही इथे कोण?"

"पानी भरते."

"किती वर्षे?"

"आठ झाली."

त्यांनी हजेरीपट मागवला, बोट वरपासून खालपर्यंत फिरवले. "पूर्ण नाव काय तुमचे?"

तिने आठ वर्षे ज्याची वाट पाहिली ते हेच होते. कुणीतरी पट उघडून तिला नाव विचारले होते. ती ताठ उभी राहिली आणि तिने आपले पूर्ण नाव सांगितले. समितीच्या लेखनिकाने पेन्सिल उचलली, अध्यक्षांकडे पाहिले, आणि खाली ठेवली.

अहवाल यायला दोन वर्षे लागली. तोवर अनुदान अर्धवटच येत राहिले. अहवालात आमच्याबद्दल एक परिच्छेद होता. कॉलेजने दाखवलेले फर्निचर कॉलेजचे नाही, असे त्यात होते. त्याखाली दोन ओळी आणखी होत्या. त्या ऐकायला तारामती ऑफिसच्या दारात बसली.

"माझं नाव हाय का त्यात?"

तात्यारावांनी चष्मा पुसला. "'मंजूर पद नसताना एक स्त्री काम करीत असल्याचे समितीस आढळून आले. हा प्रकार तात्काळ थांबवावा.' असं हाय."

"एक स्त्री म्हंजी मीच ना?"

"व्हय."

ती उठली. मग तिने रोजच्यासारखे फडके घेतले आणि आम्हाला पुसले. पाठ, हात, पाय. फडके धुऊन माझ्या हातावर वाळत घातले आणि गेली. एक तारखेपासून ती आली नाही.

तात्यारावांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. अकरा खुर्च्या सोसायटी घेऊन गेली. माझा हात त्या ओढाताणीत मोडला, म्हणून सोसायटीने मला निकामी ठरवून वहीतून काढले. कॉलेजने तर आधीच काढले होते. आता मी कुठल्याच वहीत नाही. व्हरांड्यात उभी असते, आणि माझ्या बैठकीतल्या भोकात माठ असतो. पोरे पाणी पितात. माठ कुणी भरला, हे कुणी विचारत नाही. पाठीवरचा सात अजून गेलेला नाही.

तर मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपणारी होती, आणि त्याचे काय झाले ते तुम्ही ऐकलेच. माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या शाळेत पाणी कोण भरते, घंटा कोण देते, त्यांना एकदा पूर्ण नाव विचारा, आणि विचारलेत तर लिहून ठेवा. पेन्सिल खाली ठेवू नका.

तिने त्या दिवशी जे नाव सांगितले, ते मी पाठीमागून नीट ऐकले होते. तारामती केरबा ओव्हाळ.